आधी त्यांचं होऊ द्या

गोकुळराव साळुंके अडुसष्टाव्या वर्षी भाकरी थापायला शिकले. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं इंजिनं खोललेला माणूस. हाताला ग्रीसची सवय, पिठाची नाही. पहिला महिनाभर भाकरी परातीतून उचलली की मधोमध चिरायची आणि ते तिचे दोन तुकडे तसेच तव्यावर टाकायचे. शेजारच्या भागूबाईंनी तीन दिवस समोर बसून पाण्याचं आणि पिठाचं गणित त्यांच्या हाताला शिकवलं. चौथ्या दिवशी भाकरी फुगली. ती बघायला स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं. द्वारकाबाई पुढच्या खोलीत पलंगावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

त्याच्या दोनेक महिने आधी द्वारकाबाईंना जाधववाडीच्या मंडईतून घरी यायचा रस्ता सापडला नाही. त्याआधी चहात मीठ, गॅस तसाच चालू, एकच निरोप चारदा, असं बरंच काही होऊन गेलं होतं. पण त्याला घरात वय म्हणत होते. मंडईच्या त्या दिवसानंतर नाशिकला असलेली मुलगी प्रेरणा आली आणि आईला मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. तीस मार्कांची एक परीक्षा झाली. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, घड्याळ काढून दाखवा. द्वारकाबाईंना एकवीस मार्क मिळाले. डॉक्टरीणबाईंनी स्मृतिभ्रंश हा शब्द सावकाश उच्चारला आणि सांगितलं की हा आजार परत फिरणारा नाही. गोळ्या थोडी मदत करतील. बाकी खाणं, चालणं, झोप, माणसांत बसणं, कान आणि बीपी सांभाळणं, एवढं नीट ठेवलं तर घसरण कदाचित हळू होईल.

त्यातला 'कदाचित' गोकुळरावांनी ऐकला नाही. 'हळू होईल' एवढं मात्र पक्कं ऐकलं. कार्यशाळेत त्यांनी आयुष्यभर हेच तर केलं होतं. वेळेवर ऑइल, वेळेवर ग्रीस, ठरल्या किलोमीटरला तपासणी, म्हणजे गाडी रस्त्यात उभी राहत नाही. दवाखान्यातल्या आहाराच्या मोनिका मॅडमनी एक तक्ता दिला. गोकुळरावांनी तो फ्रिजच्या दाराला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले.

सकाळी अर्धा तास फिरणं. रात्री भिजवलेले अक्रोड, दोन. नाश्त्याला मुगाचं धिरडं. साडेबाराला जेवण: ज्वारीची भाकरी, रोज एक पालेभाजी, वरण, जवसाची चटणी, काकडी. तेल कमी, मीठ कमी, साखर जवळजवळ बंद. चारला फळ. सातला हलकं जेवण. दहाच्या आत झोप. जवस भाजताना जळला तर कडू होतो हे त्यांना दोनदा जाळून कळलं. मेथी निवडायला पाऊण तास लागतो हेही त्यांना या वयात कळलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्या दिवशी टाकी आणि ड्रम भरता भरता सगळं वेळापत्रक कोलमडायचं, आणि मग बाई उपाशी राहिल्या की काय या विचारानं त्यांच्या हातून बादली निसटायची.

रोज संध्याकाळी प्रेरणाचा फोन यायचा. ती काळजीनंच बोलायची, पण प्रत्येक वेळी तिच्याकडे काहीतरी नवं असायचं. हळद दुधातून द्या, खोबरेल तेल द्या, आईला शब्दकोडी द्या. गोकुळराव हो म्हणायचे. फोन ठेवला की भांडी घासायचे. मग उरलेली भाकरी वरणात कुस्करून ओट्यापाशी उभ्यानंच खायचे. बसून जेवलो तर उठवणार नाही, असं त्यांना वाटायचं.

एवढं करून द्वारकाबाई जेवत नव्हत्या.

सकाळी ठीक असायच्या. फिरायला जाताना गोकुळरावांचा हात धरायच्या, "अहो, हळू चाला," म्हणायच्या. धिरडं खायच्या. पण ऊन वर चढू लागलं की त्यांच्या डोळ्यांतली ओळख पातळ व्हायची. बारापर्यंत गोकुळराव त्यांच्यासाठी कोणी परका माणूस झालेले असायचे. घरात येऊन स्वयंपाक करणारा, सभ्य, पण परका.

"भाऊ, लई दगदग करता तुम्ही," त्या म्हणायच्या. पंचेचाळीस वर्षं ज्यांचं नाव त्यांनी तोंडानं घेतलं नव्हतं त्यांना भाऊ.

साडेबाराला ताट पुढं ठेवलं की त्या ते हातानं बाजूला सारायच्या. "नंतर खाईन." गोकुळरावांनी घास केला तर ओठ मिटून घ्यायच्या. नजर दाराकडं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अशी माणसं बाहेर पडायला बघतात, तेव्हा गोकुळराव उठून दाराला वरची कडी घालायचे. कडी पडली की द्वारकाबाई आणखीनच गप्प व्हायच्या. दीड तास घास पुढं-मागं होत राहायचा. वरणावर साय धरायची. शेवटी अर्धी भाकरी पोटात जायची, कधी तीही नाही. रात्री टीव्हीसमोर चार घास आणि कपभर दूध.

गोकुळरावांना वाटलं, चव नाही. हाताला चव नाही आणि मीठ कमी. म्हणून त्यांनी आमचूर घातलं, लिंबू पिळलं, लसणाची फोडणी दिली. भागूबाईंकडून अंबाडीची भाजी शिकून घेतली, कारण द्वारकाबाईंच्या माहेरी, फुलंब्रीकडं, ती दर दोन दिवसांनी व्हायची. द्वारकाबाईंनी अंबाडीचा वास घेतला, चेहरा क्षणभर सैल झाला, आणि म्हणाल्या, "नंतर."

एका दुपारी त्यांचा हात उठला. मारायला नाही, ताट ढकलायला. ताट फरशीवर आपटलं, वरण भिंतीपर्यंत उडालं. द्वारकाबाई घाबरून पलंगाच्या कोपऱ्यात सरकल्या. गोकुळरावांनी फडकं आणलं आणि गुडघे टेकून फरशी पुसली. पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की आपण गेल्या कित्येक दिवसांत कोणाशी चार शब्द बोललेलो नाही, 'जेव' या एका शब्दाशिवाय.

दिवाळीच्या आधी दवाखान्यात वजन केलं. बावन्न किलोचे सेहेचाळीस झाले होते. मोनिका मॅडमनी काट्याकडं पुन्हा पाहिलं. ही पोरगी तिशीतली, मोजकं बोलणारी. तिनं गोकुळरावांना खुर्ची दिली आणि काय काय करता ते सगळं विचारून घेतलं. गोकुळरावांनी घड्याळासकट सगळं सांगितलं. मग म्हणाली की तुमची मेहनत मला दिसते आहे, पण वजन असं उतरलं तर तेच धोक्याचं. मीठ थोडं वाढवा, भाकरीवर तूप घाला, हवं तर गूळ द्या.

"तक्ता माझाच आहे, काका. पण पोटात गेलं तर त्याचा उपयोग. त्या जेवत का नाहीत, ते आधी बघा."

गोकुळरावांना हे ऐकून राग आला नाही, नुसता थकवा आला. रिक्षात द्वारकाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं होतं. ते हलकं लागत होतं.

त्या का जेवत नाहीत, ते नोव्हेंबरात कळलं. तेही गोकुळरावांना शोधून सापडलं नाही, आपोआप समोर आलं.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. भागूबाई म्हणाल्या, "जा भाऊजी, मी बसते. येळ लागला तर लागू द्या." भागूबाई पलीकडच्या घरात एकट्या राहत. द्वारकाबाईंची आणि त्यांची पंचवीस वर्षांची बैठक. गोकुळरावांनी स्वयंपाक झाकून ठेवला, साडेबाराला वाढा म्हणून तीनदा सांगितलं आणि गेले. बँकेत त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. ग्रीस आणि पेट्रोलनं बोटांच्या रेघाच पुसून गेल्या होत्या. दुसरं बोट, तिसरं बोट, मग मॅनेजरची सही. बाहेर पडले तेव्हा दोन वाजून गेले होते. रिक्षा करायचं भानही राहिलं नाही, भराभर चालत आले. फाटक लोटलं, चपला काढल्या. शर्ट पाठीला चिकटला होता.

द्वारकाबाई पलंगावरून उठल्या. सरळ मांडणीकडं गेल्या, ताट काढलं, पदरानं पुसलं.

"आलात? हात-पाय धुवा. वाढते."

गोकुळराव दारातच थांबले. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत होते.

कार्यशाळेत त्यांची पहिली पाळी असायची, सहा ते दोन. सायकल मारत घरी पोचायला अडीच व्हायचे. वर्षानुवर्षं ते अडीचला हात-पाय धुवून पाटावर बसले होते आणि ताट समोर आलं होतं. द्वारकाबाई कधी जेवायच्या हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते जेवून आडवे व्हायचे.

आता ते पाटावर बसले. द्वारकाबाईंनी भाकरी वाढली, पालक वाढला, वरण जरा सांडलं. समोर बसून विचारलं, "मीठ हाय का नीट?"

मीठ बेताचंच होतं. "हाय," गोकुळराव म्हणाले. भूक लागली होती, ते खरंच जेवले. त्यांचं ताट रिकामं होत आलं तशा द्वारकाबाई उठल्या, स्वतःचं ताट घेतलं, आणि कोणी न सांगता एक सबंध भाकरी जेवल्या. वर वरण वाटीनं प्यायल्या.

भागूबाई उंबऱ्यात बसून हे बघत होत्या. जाताना त्यांनी गोकुळरावांना अंगणात बोलावलं. "बारापासून मी हिला सांगायलेय, जेव म्हणून. एकच धरलं तिनं, आधी त्यांचं होऊ द्या. धा येळा म्हणली असंल. भाऊजी, रोज ती तुमचीच वाट बघायलीय."

"मी तर तिच्या पुढ्यातच असतो की."

भागूबाई पदर सावरून आपल्या घराकडं निघाल्या.

त्या दिवसापासून गोकुळरावांनी दुपारचं जेवण साडेबाराचं अडीचला नेलं. मोनिका मॅडमना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या की अकराला काहीतरी खायला देत जा आणि खुशाल अडीचला जेवा. पण वेळ बदलून भागलं नाही. घरात वावरणारा माणूस अडीचला जेवायला बसला तरी तो भाऊच राहायचा. भाऊंना त्या प्रेमानं वाढायच्या, स्वतः मात्र थांबायच्या. बाहेरून येणंच लागत होतं. म्हणून दोन वाजता सगळं तयार करून, झाकून, गोकुळराव भागूबाईंना हाक मारायचे, खांद्याला जुनी पिशवी अडकवायचे आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. अडीचला परत यायचे. फाटक वाजवायचे, चपला काढायचे.

"आलात?"

"आलो."

आणि ती बाई जेवायची. रोजच नाही, पण बहुतेक दिवस. संक्रांतीपर्यंत वजन दोन किलो वाढलं. प्रेरणाला फोनवर हे सांगितलं तर ती रडली आणि मग म्हणाली की आप्पा, व्हिडिओ पाठवा ना. त्यांनी पाठवला नाही.

हे ऐकायला सोपं आहे. करायला हिवाळाभर सोपं होतं. मार्चपासून उन्हानं रंग दाखवला. एप्रिलात दुपारी दोनला गल्लीत कुत्रंही फिरत नव्हतं. टोकाच्या लिंबाखाली एक मोडका सिमेंटचा बाक होता, तिथं ते बसायचे. पहाटे पाचपासून उभं राहिलेलं अंग तिथं टेकलं की डोळे मिटायचे. गुडघे सुजलेले असायचे. स्वतःची बीपीची गोळी कधी घेतली, कधी राहिली, लक्षात राहायचं नाही. आणि हे कशासाठी, असं मनात यायचं. फेब्रुवारीत परीक्षा पुन्हा झाली होती. एकवीसचे अठरा झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तसं बरं चाललंय. गोकुळरावांनी विचारलं, "हे सगळं केलं नसतं तर किती झाले असते?" बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, एका माणसाबद्दल हे कोणालाच सांगता येत नाही.

गोकुळराव त्या उत्तरावर फार दिवस अडकून राहिले. कार्यशाळेत दोन गाड्या शेजारी उभ्या असायच्या. एक वेळेवर आलेली, एक रखडवलेली. बॉनेट उघडलं की फरक डोळ्यांना दिसायचा. इथं द्वारका एकच. अक्रोड न खाल्लेली, फिरायला न गेलेली दुसरी द्वारका कुठून आणायची? आपण वाचवलं ते किती, की काहीच नाही, हे मरेपर्यंत कळणार नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते बाकावरून उठले नाहीत. अडीच वाजले, पावणेतीन झाले. उठायचं आहे हे कळत होतं, पाय उचलत नव्हते. चक्कर नव्हती, काही दुखत नव्हतं. फक्त त्या फाटकातून आत जायचं, आलो म्हणायचं, मीठ आहे म्हणायचं, आणि उद्या पुन्हा तेच, हे समोर दिसत होतं आणि ते त्यांच्यानं उचलवत नव्हतं. इथूनच रिक्षा केली तर? कुठं जायचं हे त्यांना सुचलं नाही, पण रिक्षा मात्र दिसत होती.

सव्वातीनला भागूबाई डोक्यावर पदर घेऊन शोधत आल्या. "भाऊजी, काय झालं? बरं वाटंना का?"

"दमलो, भागूबाई."

त्या त्यांच्या शेजारी, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "व्हय, दमलेच असाल." त्यांनी उठा म्हटलं नाही. दोघं तसेच बसून राहिले. गोकुळरावांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, बराच वेळ पुसला, आणि भागूबाई तोवर रस्त्याकडं बघत राहिल्या.

ते घरी गेले तेव्हा साडेतीन झाले होते. द्वारकाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात रिकामं ताट. त्यांनी उशीर का झाला ते विचारलं नाही, लगेच वाढायला घेतलं. गोकुळरावांना आठवलं की पाळी संपल्यावर ते कितीदा दोस्तांबरोबर टपरीवर चहाला थांबायचे, कितीदा ओव्हरटाइम करून सहाला यायचे, आणि कधी निरोप पाठवला नव्हता.

"मला उशीर व्हायचा, तेव्हा तू कधी जेवायचीस?"

द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात सरकवला. "तुम्ही आल्यावर," त्या म्हणाल्या. त्यात विचारण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा होता.

भागूबाईंनीच प्रेरणाला फोन केला. ती पंधरा दिवसांची सुट्टी काढून आली. आल्या आल्या वडिलांना डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बीपी भलतंच वाढलेलं होतं, रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवून सांगितलं की तुम्ही आजारी पडलात तर द्वारकाबाईंचं सगळंच थांबेल, तेव्हा मदतीला माणूस ठेवा. गोकुळरावांनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी प्रेरणा त्यांच्यासमोर नुसती बसून राहिली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

रूपाली नावाची बाई यायला लागली, सकाळी दहा ते चार. चाळिशीची, शांत. आधी स्वतःच्या म्हाताऱ्या सासूचं केलेलं होतं, त्यामुळं घाबरत नव्हती. ती द्वारकाबाईंना पुढ्यात घेऊन भाजी निवडायची, गावाकडच्या गोष्टी काढायची. गोकुळराव अकराला बाहेर पडू लागले. आता खोटं जाणं नव्हतं. ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनालयात पंख्याखाली बसायचे, पेपर तोंडावर धरून झोपायचे. दीडला तिथला शिपाई हलवून उठवायचा. अडीचला घरी. गोळ्या वेळेवर होऊ लागल्या. स्वतःचं जेवण उभ्यानं होईनासं झालं. फक्त पहाटे फिरायला जाताना द्वारकाबाई आता हात धरत नव्हत्या, धरावा लागत होता.

गणपती होऊन गेले आणि एका दुपारी फाटक वाजलं तरी त्या उठल्या नाहीत.

गोकुळरावांनी चपला काढल्या. पिशवी खुंटीला लावली. त्या पलंगावर बसून त्यांच्याकडं बघत होत्या.

"कोण पाहिजे?"

रूपाली स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथंच थांबली. गोकुळरावांनी दोन-तीन उत्तरं मनात जुळवली. त्यातलं एकही नीट नव्हतं.

"जेवायला आलोय," ते म्हणाले.

द्वारकाबाईंनी थोडा विचार केला. "बसा मग."

रूपालीनं दोघांची ताटं वाढली. आता या थांबणार, असं गोकुळरावांना वाटलं. ते घास हातात धरून बसले. पण द्वारकाबाई दाराकडं बघत नव्हत्या. त्यांनी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि खायला लागल्या. त्यांच्याआधी. पंचेचाळीस वर्षांत आपणहून पहिल्यांदा. त्यांना आता कोणाचीच वाट बघायची नव्हती. एक भाकरी संपली, त्यांनी रूपालीकडं आणखी अर्धी मागितली.

गोकुळरावांच्या हातातला घास तसाच होता. द्वारकाबाईंचं त्याकडं लक्ष गेलं.

"जेवा की भाऊ," त्या म्हणाल्या. "लाजू नका. घरचंच हाय."

गोकुळरावांनी घास तोंडात घातला. आज रूपालीनं केलेल्या वरणात मीठ बरोबर पडलं होतं.